सहा पोरींचा खुराक

४ सप्टेंबर

सूनबाई,

माझं खुब्याचं हाड सांधलं असं डॉक्टर म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण इथे माझ्या वाटण्याला विचारतो कोण? थोरल्या लेकीने मला तिच्या घरी आणून चौथ्या मजल्यावर खिडकीशी खुर्ची टाकून बसवलंय. समोर दुसऱ्यांच्या खिडक्या. लोक दिवसभर पडदे ओढतात आणि पुन्हा सारतात, एवढीच करमणूक.

पत्र अशासाठी, की फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि लिहिलेलं माणसाला मागाहून नाकारता येत नाही. तूही लिहूनच कळवायचं.

ठरलेलं पुन्हा एकदा लिहितो. शेडमध्ये पाय घसरून पडायच्या आधी मी डुकरांच्या सहा तरुण माद्या निवडून बाजूला काढल्या. पाय सरळ, सड दोन्हीकडे सारखे आणि भरपूर, आया दुधाळ. त्या कापायला जायच्या नाहीत, पैदाशीला राहायच्या. या सहाही पोरी हिवाळा संपायच्या आत गाभण राहिल्या, तर शेड, जागा, सगळं तुझं. एक जरी रिकामी राहिली, तर वीटभट्टीवाला जागेसाठी माझ्या मागे लागलाच आहे, त्याला हो म्हणेन आणि मोकळा होईन. माझा मुलगा बोटीवर इंजिनं सांभाळतो, त्याला डुकरांचा वासही सोसत नाही, तेव्हा त्याला मध्ये आणू नकोस. हे तुझं नि माझं.

तू शिंपीण. कपडे बेतणं निराळं आणि डुकरं वाढवणं निराळं. टेप घेऊन त्यांची मापं घेत फिरतेस असं कानावर आलंय. झबली शिवणार आहेस की काय? कुणाकडून कळलं ते विचारू नकोस.

तुझा सासरा

१३ सप्टेंबर

तीर्थरूप मामंजी, नमस्कार.

झबली शिवणार नाही. पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती टेप घातली की वजनाचा अंदाज येतो, हे मला जनावरांच्या डॉक्टरांनी दाखवलं. कमरेचं माप देताना श्वास आत ओढून धरणारी गिऱ्हाईकं मी आयुष्यभर बघितली. डुकरं तसलं काही करत नाहीत, म्हणून हे काम मला आवडतं. तुम्हाला ही बातमी वन्संनी दिली असणार. देऊ देत.

सहा पोरींना वेगळा कप्पा दिलाय, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून. बाजारात जाणारी डुकरं हवं तेवढं खातात, त्यांना चरबी चढलेलीच बरी. पण या पोरींना पुढे कितीतरी वेतं द्यायची आहेत. त्यांना हाडं हवीत, खूर हवेत, चरबी नको. म्हणून मक्याचा भरडा बेताचा, पेंड बरी, कोंडा जास्त, खनिजांची भुकटी न चुकता, आणि सगळं डब्याने मोजून, सकाळ-संध्याकाळ. डब्यावर मी शिवणाच्या खडूने रेघ मारून ठेवलीय. फार लठ्ठ झालेली पोर माजावर उशिरा येते किंवा येतच नाही, विताना अडते, आणि व्यायल्यावर स्वतःच्या पिल्लांवर लोळते. आपल्या जाडी डुकरिणीच्या अंगाखाली किती पिल्लं गेली, ते मी तुम्हाला सांगायला नको.

जाडीची या वेळची पिल्लं ठीक आहेत. त्यांच्यासाठी कोपऱ्यात आडवी नळी लावून एक फट ठेवलीय, आईला आत शिरता येत नाही, पिल्लं शिरतात. तिथे मऊ खुराक थोडा थोडा घालते.

खुराकाच्या खोलीची किल्ली राखणदार काकांकडेच आहे, पूर्वीसारखी. दुपारी ते जेवायला घरी जातात, मी पुढच्या खोलीत मशीनवर बसते. घरी आत्यांच्या गुडघ्यांना फिरणं मानवलंय. रोज बेकरीपर्यंत जाऊन येतात.

तुमची सून

२२ सप्टेंबर

सूनबाई,

वाचलं. जनावरांचे डॉक्टर शिकलेले असतील, पण त्यांनी एकतरी डुकरीण स्वतःच्या हाताने वाढवलीय का ते विचार.

मी जन्मभर कुंडं काठोकाठ भरली. जनावर कुंडात तोंड घालून जेवतं तेव्हा जो आवाज येतो, तो ऐकला की मला झोप लागायची. जाडीने पिल्लं चिरडली हे तिचं नशीब. त्याचा खुराकाशी संबंध लावू नकोस. आणि तू म्हणतेस कोंडा जास्त. कोंडा जास्त म्हणजे भरडा कमी, आणि भरडा कमी म्हणजे वाचलेला भरडा कुठे जातो? मी फक्त विचारतो. वाईट वाटून घ्यायचं असेल तर घे.

काळ्या कानाची तर पार खंगलीय. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मी निवडली तेव्हा सहांत तीच उजवी होती.

उंटावरून शेळ्या हाकतोय असं तुला वाटेल. वाटू दे. शेळ्या अजून माझ्या आहेत.

तुझा सासरा

१९ ऑक्टोबर

तीर्थरूप मामंजी, नमस्कार.

उत्तराला उशीर केला, कारण मला आधी खात्री करायची होती.

पहिली गोष्ट. वाचलेला भरडा कुठेही जात नाही, पोत्यातच असतो. दुसरी गोष्ट. काळ्या कानाच्या पोरीबद्दल मी तुम्हाला एक अक्षर लिहिलेलं नाही. सहांत एकीचे कान काळे आहेत हे तुम्हाला ठाऊक असणार, निवड तुमचीच. पण तिच्या बरगड्या आज कशा दिसतात हे चौथ्या मजल्यावरून दिसत नाही. आणि वन्सं तर इकडे फिरकलेल्याच नाहीत. म्हणजे इथलं कुणीतरी तुमचे कान भरतंय. आणि तेही चुकीचं सांगून. तिच्या बरगड्या दिसत नाहीत, तळहाताने दाबल्या तर लागतात. तशाच लागायला हव्यात.

आता तिसरी गोष्ट, हिने माझी झोप उडालीय. पोरी लठ्ठ होतायत. डबा तोच, रेघ तीच, मी स्वतः उभी राहून घालते, आणि टेप दर वेळी पुढे सरकते. काळ्या कानाच्या पोरीची छाती बोटभर वाढायला हवी होती, चार बोटं वाढली. मागच्या मांड्या थुलथुलीत झाल्यात. संध्याकाळी कुंडात खुराक टाकला तर दोघी-तिघी नुसतं हुंगून उभ्या राहतात. डुक्कर अन्नाला नाक मुरडतं, म्हणजे त्याचं पोट आधीच भरलेलं आहे. कुठेतरी पाणी मुरतंय.

खुराकाच्या दुकानदाराने माल बदलला का, म्हणून मी मूठभर डॉक्टरांकडे दिलाय. पण मला विचाराल तर माझा संशय घरातच आहे. खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असते. स्पष्टच विचारते, राखणदार काका तुम्हाला काही कळवतात का? त्यांना तुम्ही काही सांगितलंय का? हो की नाही, एवढंच लिहा.

तुमची सून

२८ ऑक्टोबर

सूनबाई,

वीटभट्टीवाला परवा चार मजले चढून आला. लिफ्ट बंद होती तरी आला, म्हणजे गरज त्याचीच मोठी. सफरचंदं आणली होती. थोरलीने उचलून आत नेली आणि मला अर्धं कापून दिलं. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. इथे सगळं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. जावई माझ्यासमोर बसून तळलेलं खातो आणि मी उकडलेल्या भोपळ्याकडे बघत बसतो.

पोरी भरतायत हे वाचून मला तर बरं वाटलं. तुला का वाईट वाटतं, ते तुझं तुला ठाऊक.

तू राखणदाराचं विचारलंस. त्याला लिहिता येत नाही, हे तुला माहीत असायला हवं. बाकी माणसाच्या मनात शिरून कुणी पाहिलंय? किल्ली कुणाकडे असते, ते तूच मला लिहिलंस. तुझ्या हाती कारभार दिलाय, तुझं तू ठरव. मी यात पडत नाही.

तुझा सासरा

१० नोव्हेंबर

तीर्थरूप मामंजी, नमस्कार.

मी 'हो की नाही' विचारलं होतं. तुम्ही भोपळा पाठवलात. पण पत्र दोनदा वाचल्यावर तुमचा रोख माझ्या लक्षात आला.

दुकानदाराचा माल चोख निघाला, आणि मी परवा राखणदार काकांना घरी बसवलं.

सकाळी ते कुंडं घासत होते. मी म्हटलं, काका, पोरी लठ्ठ होतायत आणि किल्ली तुमच्याकडे असते, पोरी माजावर येईपर्यंत तुम्ही घरी थांबलात तर बरं. माझा आवाज मला हवा तेवढा कडक लागला नाही. त्यांनी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी हातातलं कुंड घासून पुरं केलं, किल्ली पेटीच्या झाकणावर ठेवली, स्वतःचा चहाचा कप विसळून खुंटीला पालथा अडकवला आणि छत्री घेतली. जाताना म्हणाले, "ताई, पाणी ताजं घालत जा. तुम्ही खुराकाकडे बघता, पाण्याकडे बघत नाही." बस्स.

खुराकाच्या दुकानात मला विचारलं, काका कुठे दिसत नाहीत? मी कारण सांगून टाकलं. तिथे चार माणसं होती. घरी आल्यावर वाटलं, सांगायला नको होतं.

आता किल्ली माझ्या गळ्यात आहे. शेडचं सगळं मी एकटी बघते. आत्या मदतीला येते म्हणाल्या, त्यांना मी गुडघ्यांमुळे नको म्हटलं.

तुमची सून

१७ नोव्हेंबर

सूनबाई,

पत्र पोचलं. इथे थंडी वाढलीय. पाय दुखतो.

तो माझ्याकडे पहिल्या डुकरिणीपासून आहे. ती डुकरीण आम्ही दोघांनी एका हातगाडीवर घालून आणली होती. पण कारभार तुझा आहे, मी बोलणार नाही.

त्याने माझ्याबद्दल काही विचारलं का?

तुझा सासरा

६ डिसेंबर

मामंजी,

लिहिलेलं मागाहून नाकारता येत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून हे सगळं लिहून ठेवते.

काका गेल्यावरही टेप पुढेच सरकत होती. किल्ली माझ्या गळ्यात, डबा माझ्या हातात, आणि पोरी फुगतच चालल्या. मला वेड लागायचं बाकी होतं. मी पोत्यांना बांधलेली गाठ रोज तपासायचे. एकदा तर माझ्याच डब्यावरची रेघ माझीच आहे का, म्हणून खडू घेऊन ताडून बघितली.

परवा माझं शिवणाचं मशीन अडलं. दुरुस्तीवाला सकाळीच आला. तो पुढच्या खोलीत मशीन उघडून बसला आणि मी शेडमध्ये पिल्लांपाशी होते. त्याने पायडल मारून बघायला सुरुवात केली. मशीनचा खडखडाट सुरू झाला मात्र, सहाही पोरी पेंढ्यातून धडपडत उठल्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीशी रांग लावून उभ्या राहिल्या. नाकं वर, आणि असा कलकलाट की विचारू नका. सकाळचा खुराक होऊन तासही झाला नव्हता.

मी तिथेच उभी राहिले. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि आत्या बाहेर आल्या. डोळ्यांवर झोप होती. हातात बेकरीची पिशवी, पिशवीत दुधात भिजवलेला शिळा पाव आणि उकडलेले बटाटे. मशीन वाजलं, म्हणजे मी आता तासभर हलत नाही, हे त्यांना जसं ठाऊक तसंच पोरींनाही. त्या दिवशी मशीन सकाळी वाजलं, म्हणून त्या सकाळी आल्या. मला बघून म्हणाल्या, "अगं बाई, तू इथे? मग आत कोण शिवतंय?"

मामंजी, मला आधी हसूच आलं. खोटं कशाला लिहू? मग त्या घाबरून बोलत सुटल्या. "मला काय बोलतेस, तुझ्या सासऱ्यानेच सांगितलं. दर रविवारी बेकरीतून फोन लावते मी त्याला. म्हणाला, अक्का, ती पोरींना उपाशी मारतेय, तू तेवढं बघ." तुम्हाला फोनवर माझं ऐकू येत नाही. आत्यांचं बरं येतं!

आत्यांवर मी रागावले नाही. त्यांना कुणाच्याही तोंडापुढचं रिकामं ताट बघवत नाही, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे.

राग तुमचा आलाय. पोरींना चोरून खायला घातलंत, यापेक्षाही दुसऱ्याच गोष्टीचा. मी विचारलं तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी काकांचं नाव घेतलं आणि तुम्ही मूग गिळून बसलात. बसलात तेही नाही, किल्लीची आठवण करून दिलीत. तुमच्यासोबत हातगाडी ओढलेल्या माणसाला चार लोकांत मी चोर ठरवलं, आणि तुम्ही मला थंडी वाढल्याचं कळवलंत.

डॉक्टर काल येऊन गेले. दोघी फार जड झाल्यात. काळ्या कानाच्या पोरीच्या मागच्या पायाला भार सोसत नाही, ती लंगडतेय. एकही माजावर आलेली नाही.

आता मला सरळ सांगा. पोरींची दया आली म्हणून तुम्ही हे केलंत, की एक तरी रिकामी राहावी आणि वीटभट्टीवाल्याला हो म्हणता यावं म्हणून? जागा विकायचीच असेल तर माझ्या तोंडावर सांगा. मी माझं मशीन उचलून कुठेही जाईन. पण आधी हे उत्तर द्या.

सून

२३ डिसेंबर

सूनबाई,

तुझं पत्र उशीखाली ठेवून पुष्कळ दिवस काढले. थोरली दोनदा विचारून गेली, काय आलंय एवढं.

डाव नव्हता. तू मानशील न मानशील. मी कपटी आहे, पण जनावराच्या पोटाशी कपट केलं नाही कधी.

इथलं सांगतो, मग तूच ठरव. सकाळी वाटीभर काहीतरी पांढरं. दुपारी मोजून, रात्री मोजून. भूक लागली म्हटलं तर थोरली घड्याळ दाखवते. सगळी माझ्या भल्यासाठीच करतात, आणि मी भुकेला झोपतो. अशात अक्का फोनवर म्हणाली, तिकडेही डब्याने मोजतात, काळ्या कानाची बरगड्यांवर आलीय. मला ती पोर डोळ्यांसमोर दिसायला लागली. मी तुला उपाशी मारणारी ठरवलं. तू, थोरली, डॉक्टर, सगळे एका माळेचे मणी.

राखणदाराचं विचारलंस. त्यावर लिहायला बसलो की हात थांबतो. ते मी पत्रात लिहिणार नाही.

वीटभट्टीवाल्याला हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

मला एकदा येऊन बघायचंय. चालेल का, ते कळव.

तुझा सासरा

२१ जानेवारी

तीर्थरूप मामंजी, नमस्कार.

या. तुमचंच घर आहे, मला काय विचारायचं?

तुमच्या दयेवर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. पण भुकेवर बसला.

तुम्हाला मागचं पत्र टाकलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी काकांकडे गेले होते. ते अंगणात मोडक्या खुर्चीचा पाय दोरीने आवळत होते. मी म्हटलं, काका, तुमचा काही दोष नव्हता. ते म्हणाले, "हे मला कशाला सांगताय, ताई? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा." मग मी खुराकाच्या दुकानात गेले, गर्दीची वेळ बघून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की काका चोर नाहीत, मी चुकले. दुकानदार वजनकाटा सोडून बघत राहिला. काका दुसऱ्या दिवशी आले, खुंटीवरचा कप काढला. त्यांनी मला एकच विचारलं, "मालकांना माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्या दिवशी त्यांनी सगळी कुंडं दोनदा घासली.

पोरींचा खुराक मी एकदम तोडला नाही, हळूहळू रेघेवर आणला. काका त्यांना रोज मागच्या पटांगणात फिरवतात. मांड्या उतरल्या. आत्यांना नवीन काम दिलंय. दुसऱ्या डुकरिणीला पिल्लं झालीत, त्यांना कोपऱ्यातला मऊ खुराक दिवसातून अनेकदा घालावा लागतो, दर वेळी चिमूटभर, ताजा, आणि उरलेला काढून टाकायचा. दिवसभर खायला घालत बसायचं, याहून त्यांना काय हवं? सकाळपासून तिथेच असतात. पिल्लंही त्यांच्यासारखीच गोल झालीत. तिथे तेवढं चालतं.

आणि गंमत ऐका. माजावर यायच्या थोडं आधी पोरींना खुराक वाढवायचाच असतो, त्याने पिल्लं जास्त ठरतात. नराकडून आल्या की लगेच पुन्हा रेघेवर. आत्यांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मी घातलं ते बरोबरच होतं, वेळ तेवढी चुकली!" मी हात जोडले.

पाच जणी माजावर येऊन नराकडून आल्या. पुन्हा माजावर आल्या नाहीत तर राहिल्या म्हणायचं, ते तुम्ही याल तोवर कळेल. काळ्या कानाची अजून तशीच आहे. डॉक्टर म्हणतात, या हिवाळ्यात धरू नका. सहाच्या सहा असं ठरलं होतं. शब्द तुमचा आहे, मी तो मागे घ्या म्हणणार नाही. या, बघा, आणि मग ज्याला जे सांगायचं ते सांगा.

तुमची सून

१८ फेब्रुवारी

सूनबाई,

चौथ्या मजल्यावर पोचलो. लिफ्ट चालू होती.

एक गोष्ट तिथे असताना बोललो नाही, ती लिहितो. परवा फाटकातून आत आलो तेव्हा मनात होतं, माझी चाहूल लागली की शेड उठेल. माझ्या हातची निवड, माझं शेड. कप्प्यापाशी जाऊन काठी आपटली. हाक मारली, पूर्वी मारायचो तशीच. सहाही पेंढ्यात पडलेल्या. एकीने कान हलवला, तोही माशीसाठी. घरात कुणीतरी तुझं मशीन फिरवून बघितलं, अक्का असेल. त्यावर दोघींनी माना वर केल्या, भिंतीकडे बघितलं आणि पुन्हा टाकल्या. मी तसाच उभा.

मग तू स्वयंपाकघरातून हात पुसत आलीस. हातात डबा नाही, काही नाही. खुराकाची वेळही नव्हती. सहाही उठल्या. काळ्या कानाचीसुद्धा, लंगडत का होईना. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मग तिच्या बरगड्या दाबून बघितल्या. लागल्या.

राखणदाराने मला बसायला बादली पालथी करून दिली आणि स्वतः उभा राहिला. मी त्याला काय म्हणालो ते तो तुला सांगणार नाही, तू विचारूही नकोस. शेवटी तोही दुसरी बादली घेऊन बसला.

जेवताना तू मला मोजूनच वाढलंस. थोरलीने तुझे कान भरलेले दिसतात. पण वाढून झाल्यावर तू समोर बसलीस. इथे कुणी बसत नाही.

अक्कावर नजर ठेव. पिल्लांच्या कोपऱ्यातून निघताना तिच्या हातातली पिशवी मला भरलेली वाटली.

काल वीटभट्टीवाला आला. त्याला म्हटलं, पाच राहिल्या, एक राहिली नाही, ठरल्याप्रमाणे मी तुम्हाला हो म्हणायला हवं. तो हसला आणि त्याने खिशातून पेन काढलं. म्हटलं, पेन ठेवा. जागा आता माझी नाही, मालकीणबाईंना विचारा. तुझा पत्ता सांगितला. वकिलाकडे थोरलीला आज सकाळीच पाठवलंय.

तो येईल. घरात घेऊ नकोस. शेडपाशी नेऊन उभा कर, आणि बघ एक तरी उठते का.

तुझा सासरा